दोन टोकांची केशरी दोरी

एक

हेर ब्रान्ट यांच्या डाव्या तळव्यातून डॉक्टरांनी शिशाचा एक छर्रा काढला, आणि त्याच्याबरोबर केशरी प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा. छर्रा पोलिसांनी पाकिटात घालून नेला. तुकड्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

ही गोष्ट २०१७ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, रविवारची. वोल्फ्सबुर्गहून गाडीने वीस मिनिटांवर क्रेनबुट्टेल नावाचं गाव आहे. गावात नेमबाजांचा जुना फेराइन, म्हणजे क्लब. त्याचं बैठं घर: पुढे हॉल, मागे नेमबाजीची लांबट खोली. गावकऱ्यांची लग्नं, वाढदिवस तिथेच होतात, आणि त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचा दसराही तिथेच झाला. दुपारी पाहुण्यांना एअर रायफलने नेमबाजी, पाच वाजता शस्त्रपूजन आणि आरती, मग माझ्या मावसबहिणीचं, विभावरीताईचं कीर्तन.

ताईने साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिने कीर्तनाला वाहून घेतलं. महिनाभरासाठी ती माझ्याकडे आली होती. मी इथे कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेतो आणि देवाने दिलेल्या बाकीच्या वेळात पेटी वाजवतो. त्या शनिवारी ताईने पूर्वरंगात निरूपण केलं ते खुणांवर. कपाळावरचा टिळा, गळ्यातली माळ ही आतल्या भावाची खूण आहे, आत भाव नसेल तर ती नुसतीच रंगरंगोटी. टाळ्या पडल्या. आपण काय ऐकतोय ते दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

रविवारी दुपारी उज्ज्वल आमच्या दारात उभा राहिला. अकोल्याचा मुलगा, चौतिशीचा, इंजिनिअर. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी शिकला आणि इथे आल्यावर त्या फेराइनचा सभासद झाला. हॉल आम्हाला मिळाला तो त्याच्याच शब्दावर. नोव्हेंबरपासून क्लबातल्या मुलांना शिकवण्याचं काम त्याच्याकडे येणार होतं.

"काका, ब्रान्टना गोळी लागली," तो म्हणाला. "माझ्या हातून."

दोन

ताईने त्याला पाणी दिलं, पोहे दिले, आणि तो खाईपर्यंत एक अक्षर विचारलं नाही. मग म्हणाली, "आता वर्गात सांगतात तसं सांग. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही."

"ताई, एअर रायफल हातातून खाली ठेवली, की कपाटात जाईपर्यंत तिच्या नळीतून आरपार एक केशरी दोरी घालतात. सुतळीएवढी जाड, वाकणारी, सव्वा मीटर लांब. छर्रा भरायला मागे खाच असते, तिथून घालायची आणि पुढे नळीच्या तोंडातून बाहेर काढायची. दोन्ही टोकांना केशरी दिसलं की नळी रिकामी. आत छर्रा असला तर दोरी पुढे सरकतच नाही."

"म्हणजे दोरी हा पुरावा."

"गेनाऊ. म्हणजे, बरोबर. काल चार वाजता मी घरी गेलो. आमच्याकडे धम्मचक्र दिनाची बुद्धवंदना होती, चार कुटुंबं यायची होती. नेमबाजीवर लक्ष ठेवायला ब्रान्ट होते. सात वाजता परत आलो तेव्हा तुमचं जेवण चाललं होतं. पूजेच्या टेबलावर रायफल होती, झेंडूत बुडालेली. मागच्या खाचेतून केशरी दोरी बाहेर आलेली मी पाहिली. पुढेही दिसली. रायफल उचलून मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात."

"आणि आज?"

"दहा वाजता मी आणि ब्रान्ट आवराआवर करायला गेलो. चार रायफली त्यांनी कालच कपाटात ठेवल्या होत्या, ही पाचवी. मी मागून दोरी काढली, डब्यात टाकली, हळदीकुंकू पुसलं, खाच बंद करणारा खटका मिटवला. कपाटात ठेवण्याआधी आम्ही घोडा दाबून स्प्रिंग मोकळी करतो. मी दाबला. तेवढ्यात ब्रान्टनी डावीकडून नळीच्या तोंडाशी हात नेला."

पोह्यांची ताटली त्याने अकारण सरळ केली.

"फेराइनचं म्हणणं असं, की काल नळी रिकामी होती हे मीच सांगतोय. खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे. मग छर्रा मी सोडून कोण भरणार? मी आज खेळत बसलो असेन आणि आता खोटं बोलतोय. गुरुवारी फोरश्टांडची बैठक आहे, कमिटीची. मला काढणार."

"तू भरलास?" ताईने विचारलं.

"नाही." मग हळू आवाजात म्हणाला, "निदान मला तरी आठवत नाही. ताई, क्लबातून काढलं तर काढू देत. पण भरला असेन आणि आठवतही नसेल तर? माझी मुलगी चार वर्षांची आहे. या हातांनी मी तिला उचलतो."

ताई बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, "दोरी कशी ओढलीस रे? विहिरीतून बादली ओढतात तशी, हात बदलत?"

उज्ज्वलने डोळे मिटले. त्याचा उजवा हात हवेत उठला, एकदा मागे आला आणि तिथेच थांबला.

"एकदाच ओढली," तो म्हणाला.

तीन

सोमवारी संध्याकाळी मी ताईला दवाखान्यात घेऊन गेलो. ब्रान्ट अडुसष्ट वर्षांचे, गावच्या उत्सवात अकॉर्डियन वाजवणारे. शनिवारी माझी पेटी त्यांनी पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिली होती आणि "हिला एकाच हाताने श्वास द्यावा लागतो, बिचारी" असं म्हणाले होते. आता त्यांचाच डावा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. दोन बोटं मिटतील की नाही ते डॉक्टर महिन्याने सांगणार होते.

ताई विचारी, मी जर्मन करून सांगे.

"तुम्ही नळीच्या तोंडासमोर हात का नेलात?"

"चाळीस वर्षं मी पोरांना सांगतोय, तोंडासमोर हात नेऊ नका," ब्रान्ट म्हणाले. "आणि मीच नेला. दोरी राहिली होती म्हणून."

"कुठे राहिली होती?"

"नळीच्या तोंडात. केशरी टोक बाहेर होतं, एवढंसं, कुत्र्याच्या जिभेसारखं. मला वाटलं, उज्ज्वल ती काढायला विसरला. ओढायला गेलो."

मी भाषांतर करता करता अडखळलो. उज्ज्वलने दोरी काढून डब्यात टाकली होती. मग तीच दोरी नळीच्या तोंडात कशी?

ताईने पुढचा प्रश्न विचारला, "शनिवारी ती दोरी कुणी घातली?"

"उज्ज्वलने."

"तो चार वाजताच घरी गेला होता."

ब्रान्ट म्हणाले, "आल्झो, म्हणजे कसं... मी नेमबाजीच्या खोलीतले दिवे बंद करून हॉलमध्ये आलो तर तुमची प्रार्थना सुरू झाली होती. सगळे उभे होते. मी टोपी काढली आणि मागे उभा राहिलो. टेबलावर रायफल होती, केशरी दिसत होतं. एरवी मी खाच उघडून बोट घालून बघितलं असतं. पण देवासमोर ठेवलेल्या वस्तूला मधेच जाऊन हात कसा लावायचा?"

ताईने त्यांच्या उजव्या हाताला हात लावून नमस्कार केला. ब्रान्ट ओशाळून हसले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, एक दोरी दोन ठिकाणी. यातला एक जण खोटं बोलतोय."

"पद्या, वर्गात दोन पोरं दोन गोष्टी सांगायला लागली की मी पण आधी असंच समजायचे. मग कळायला लागलं, की पुष्कळदा दोघंही खरं सांगत असतात. आपलीच बेरीज चुकलेली असते."

चार

मंगळवारी जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी होती. सकाळी उज्ज्वलने क्लबाचं घर उघडून दिलं. रायफल पोलिसांकडे होती, पण दोऱ्यांचा पत्र्याचा डबा फळीवर होता तसाच होता. ताईने तो टेबलावर उलटा केला. चार लांब दोऱ्या वेटोळं सोडून पसरल्या. त्यांच्यामागून घरंगळत आला एक तुकडा, वीतभर.

उज्ज्वल तो बोटांत धरून उभाच राहिला. "हा मी काढला? आणि मला कळलं नाही?"

"तुझं लक्ष कुठे होतं?"

"ब्रान्ट विचारत होते, कीर्तन म्हणजे नक्की काय. मी सांगत होतो." तो कसनुसं हसला. "सांगायला मीच सापडलो."

ताईने तुकड्याची टोकं पाहिली. एक टोक कारखान्यातून आलेलं, गोल, वितळवून बंद केलेलं. दुसरं तिरकं, कात्रीने कापलेलं. "हे एक टोक. दुसरं ब्रान्टच्या तळव्यातून निघालं. मधली मीटरभर दोरी कुठे गेली?"

अकरा वाजता ईप्सिता आली. पुण्याची मुलगी, बर्लिनला एमएस करते, दसऱ्यासाठी आली ती सुट्टीपर्यंत राहिलेली. ताईने तिला काही न विचारता आधी कौतुक केलं. "तुझा नेम चांगला म्हणे. कार्ड ठेवलंयस?"

ईप्सिताने पर्समधून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. "पाहा ना. एक तर पार मधोमध गेलाय, ताई. मी हे होस्टेलच्या दारावर लावणार आहे."

"छर्रे किती देत होते?"

"वाटीत मोजून दहा. संपले की उठायचं."

ताईने भोकं मोजली. नऊ.

"एक कार्डाबाहेर गेला असेल," ईप्सिता म्हणाली.

"वाटीत काही उरला होता?"

"नाही. वाटी रिकामीच होती." तिने ताईच्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. "म्हणजे, दहावा मी भरला. खटका मिटवला. आणि तेवढ्यात कुंदामावशी दारातून ओरडल्या, चला, आरती, सगळे खोळंबलेत. रमेशकाका मागेच उभे होते, म्हणाले, जा तू, मी ठेवतो." ती ताईकडे वळली. "ताई, मी तो मारला की नाही? मला आठवतच नाहीये. मी तशीच उठले का?"

ताईने कार्ड तिच्या हातात परत दिलं. "तू उठलीस कारण मोठ्या माणसांनी हाक मारली. आता रडायचं असेल तर रड, पण घरी जाऊ नकोस. दुपारी मला तू इथे लागशील."

पाच

रमेश म्हणजे आमच्या मंडळाचा कार्यवाह. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी ऑडिटर. कार्यक्रम कुठलाही असो, रमेशकडे त्याची यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण असते. त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा त्याची बायको, कुंदावहिनी, चहा टाकत होत्या.

"अहो ताई, मी पहिल्यापासून सांगत होतो," रमेश म्हणाला. "हौस म्हणून क्लबात जाणं वेगळं. उज्ज्वलला शस्त्रांची फार ऐट. तो काय आपल्यासारखा पूजाबिजा करणारा नाही."

"मी विचारलं होतं त्याला," ताई म्हणाली. "तो म्हणाला, मी पूजा करत नाही, मी साफ करतो. मला तर ती पूजाच वाटली. बरं, दोरी पाहिली होतीस तू?"

"पाहिली म्हणजे? नियमच आहे तो. ब्रान्टनी दुपारी सगळ्यांना सांगितलं होतं, दोन्हीकडे केशरी दिसलं पाहिजे. पुढे दोन बोटं, मागे वीतभर, व्यवस्थित दिसत होतं."

"कुणी घातली होती?"

"ब्रान्टनी असेल. मला काय ठाऊक?" तो उठला. "फोन आलाय वाटतं," म्हणत आतल्या खोलीत गेला. मला तरी फोन ऐकू आला नव्हता.

कुंदावहिनी कप घेऊन आल्या. ताई त्यांच्याशी तोरणाबद्दल बोलू लागली. इथे झेंडू कुठे मिळतो, पानं कसली लावता.

"आंब्याची कुठली मिळायला? लॉरेलची लावली," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला म्हणून सांगते, ऐन वेळी फजिती झाली असती. टेबलापुढचं तोरण तुटलं. दोरा सगळा संपलेला. एका हातात आरतीचं तबक, काय करू? पण यांनी कुठून तरी मजबूत दोरी आणून दिली बघा. इतकी छान. फुलांच्या रंगाचीच."

ताईने कप खाली ठेवला. "ते तोरण कुठंय?"

"फेकवेना हो. येताना सोडवून आणलं, आमच्याच दाराला लावलंय."

आम्ही येताना त्याच्याखालून वाकून आत आलो होतो.

सहा

दुपारी तीन वाजता क्लबाच्या हॉलमध्ये पाच खुर्च्या मांडल्या. उज्ज्वल, ईप्सिता, रमेश, कुंदावहिनी, आणि गळ्यात हात अडकवलेले ब्रान्ट. त्यांना डॉक्टरांनी तासाभरासाठी सोडलं होतं. मी पेटी घेऊन बसलो. उज्ज्वल ब्रान्टच्या शेजारी बसून त्यांना हळू आवाजात जर्मनमध्ये सांगणार होता.

"शनिवारी माझं आख्यान घाईत झालं," ताई म्हणाली. "जेवणाचा वास सुटला होता. ते आज पुरं करते."

ती उभी राहिली. गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. मी सूर धरला. तिने आधी नाम घेतलं, मग संथ चालीत गाऊ लागली, तिथेच जुळवलेल्या साध्या ओळी: एका नगरीत उत्सव होता, आणि नगरीतली सगळी माणसं चांगली होती. गाणं थांबवून बोलायला लागली तरी आवाजातला सूर सुटला नाही.

"त्या नगरीत एक मुलगी नेम धरून बसली होती. तिने नळीत दाणा भरला. तेवढ्यात देवाची हाक आली. मोठ्यांचा शब्द मोडू नये म्हणून ती उठली. दाणा आतच राहिला. तिचं चुकलं का? चुकलं. पण वाईट वागली का?"

ईप्सिताने ओढणीने डोळे टिपले.

ताईने टेबलावरून बागेच्या पाइपचा हातभर तुकडा उचलला. त्यात एका टोकाशी तिने हरभऱ्याचा दाणा घट्ट बसवला होता. डब्यातली एक दोरी तिने त्याच टोकातून आत घातली. दोरी बोटाच्या पेराएवढी गेली आणि अडली.

"मग एक सेवेकरी आला. पूजा खोळंबली होती, शस्त्र टेबलावर न्यायचं होतं. नियम त्याला पाठ होता, दोन्ही टोकांना केशरी दिसलं पाहिजे. तो दोरी घालू लागला. दोरी जाईना. पाहा, दोरी त्याला बोलत होती. बाबा रे, आत काहीतरी आहे, थांब. एवढं एकच वाक्य बोलण्यासाठी ती बिचारी जन्माला आलेली. पण सेवेकऱ्याला वाटलं, दोरीच वाकडी आहे. तिकडे घंटा वाजायला लागली. तोरणासाठी आणलेली कात्री जवळच पडली होती."

तिने कात्रीने दोरी कापली. वीतभर तुकडा मागे खोचला. दुसऱ्या टोकाचा बोटभर तुकडा दुमडून पुढे बसवला. मधली लांब दोरी तिच्या हातात राहिली. पाइप तिने आडवा धरला. दोन्ही टोकांना केशरी होतं आणि दाणा आत होता.

"नियम पाळला गेला," ती म्हणाली. "यादीवर खूण झाली. आणि चांगली दोरी फुकट कशाला घालवायची, म्हणून उरलेली देवाच्या तोरणाला लागली."

कुंदावहिनींची मान झटकन नवऱ्याकडे वळली.

"पुढे एका थोर पाहुण्याने देवाचा मान राखून शस्त्राला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने मागचं केशरी काढलं, त्याला वाटलं, निघाली दोरी. थोर पाहुण्याला पुढचं केशरी दिसलं, त्याला वाटलं, राहिली दोरी. दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं."

चिपळ्या थांबल्या. मीही भाता सोडला.

"सेवेकऱ्याचं नाव मी घेणार नाही," ताई म्हणाली. "परवा कमिटी एका माणसाला खोटारडा म्हणून बाहेर काढणार आहे. तो स्वतःच्या हातांना घाबरायला लागलाय. एवढंच सांगते आणि थांबते. पुढची ओळ ज्याची त्याने म्हणायची."

उज्ज्वलचं जर्मन एक वाक्य मागे होतं, तेही संपलं. कुंदावहिनी अगदी हळू म्हणाल्या, "अहो."

रमेश उठला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, मला कापताना एक क्षण वाटलं होतं, ही जात का नाही," तो म्हणाला. "एकच क्षण. आमच्याकडे ऑडिटला बाहेरून माणसं येतात ना, ती टॅग बघतात. हिरवा टॅग दिसला की पुढे. मीही तेच करतो, बारा वर्षं. रविवारी फोन आला तेव्हा मला सगळं कळलं होतं. मी उज्ज्वलला नावं ठेवत राहिलो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव निघायला नको." तो उज्ज्वलकडे वळला, पण त्याच्याकडे बघता येईना. "तुझ्या घरी वंदना होती म्हणून तू गेलास, तेही मी लोकांना वाकडं करून सांगितलं."

उज्ज्वल म्हणाला, "रमेशदादा, दोरी तुम्ही कापली. पण घोडा मी दाबला. खाच उघडून आत पाहिलं असतं तर छर्रा दिसला असता. नळी भिंतीकडे धरली असती तर भिंतीला लागला असता. मी पण दोरीवरच विसंबलो." त्याने आपले हात उलटे करून पाहिले, मग मांडीवर ठेवले. "पण भरला मी नाही. एवढं तरी कळलं."

ब्रान्टनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं ते एवढंच, की ते तोरण अजून आहे का.

सात

गुरुवारी कमिटीपुढे रमेश स्वतः गेला. पोलिसांकडेही त्याने सगळं लिहून दिलं. त्याचं पुढे काय झालं ती निराळी आणि लांबलेली गोष्ट. कमिटीने उज्ज्वलला काढलं नाही. सहा महिने मुलांना शिकवण्याचं काम मात्र त्याला मिळालं नाही. ते योग्यच झालं असं तो स्वतः म्हणाला. "मुलांच्या आधी मला शिकायचंय," हे त्याचे शब्द.

रमेश आठ दिवस मंडळात आला नाही. नवव्या दिवशी कुंदावहिनी वाळलेलं तोरण पिशवीत घेऊन आमच्याकडे आल्या. "हे म्हणतात, तोरण क्लबात द्या. यांना त्याच्याखालून जाववत नाही."

तोरण आता नेमबाजीच्या खोलीत, दोऱ्यांच्या डब्यावर टांगलंय. झेंडू कधीच गळून गेला, लॉरेलची चार पानं आणि केशरी दोरी राहिलीय. शेजारी तो वीतभर तुकडा खिळ्याला बांधलाय. खाली ब्रान्टनी उजव्या हाताने लिहिलेला कागद आहे, त्यावर त्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने लिहिलंय. नाव एकच आहे, त्यांचं स्वतःचं: मी तोंडासमोर हात नेला. नवीन माणसाला रायफल देण्याआधी तो कागद मोठ्याने वाचून दाखवतात.

ताई परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. ब्रान्टचं एक बोट मिटायला लागलं होतं, दुसरं नाही. अकॉर्डियन त्यांनी नातेवाइकांकडे दिला होता आणि मला विचारत होते, पेटीला श्वास देणारा हात किती वाकवावा लागतो. मी म्हटलं, तळवा पुरतो. ते म्हणाले, मग शिकव.

उज्ज्वल सराव संपवून रायफल ठेवत होता. नळी भिंतीकडे, बोट घोड्यापासून लांब. त्याने खाच उघडली, आत पाहिलं, बोट घालून चाचपलं. मग ब्रान्टना दाखवली. त्यांनी पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

दारात रमेश उभा होता. कुणीतरी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही असं ठरवून आल्यासारखा.

"तोही बघू दे," ब्रान्ट म्हणाले.

उज्ज्वलने खटका काढून बाजूला ठेवला आणि मोकळी नळी खिडकीच्या दिशेने धरली. रमेशने वाकून डोळा लावला. खूप वेळ तसाच उभा राहिला.

"काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"शेवटाला उजेड आहे," रमेश म्हणाला. "मध्ये काही नाही."

मग उज्ज्वलने डब्यातून दोरी काढली आणि त्याच्या हातात दिली. रमेशने ती मागून घातली. ती सरकत राहिली, सरकत राहिली, आणि दुसऱ्या टोकाला केशरी बाहेर आलं तेव्हा त्याने ते ओढलं. हात बदलत, एकदा, दोनदा, तीनदा, ती एकच आहे याची खात्री होईपर्यंत.